बोर्डीचे शिंपले

भगिनींनो, दर उन्हाळी सुट्टीत आपण मंडळाच्या अंगणात मुलांचा चित्रवर्ग भरवतो. यंदा रंगपेट्यांना पैसे नाहीत, तेव्हा वर्ग बंद ठेवावा, अशी सूचना आली. मला ताराबाई मोडक आठवल्या.

१९४५ साली त्यांनी समुद्रकाठी बोर्डीस बालवाडी काढली. अनुताई वाघ सोबतीला आल्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात कोठून आणणार? मग शिंपले, खडे, बिया, पाने-फुले हीच साधने झाली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरली!

मी सातवी शिकलेली बाई. पण एवढे मला कळते. आपल्या अंगणात चिंचोके, गेरू, गुलमोहराच्या पाकळ्या आहेत. वर्ग बंद नको.