अर्नाळ्याचा बोंबील

धर्मापुरीला समुद्र नाही. चालुक्यकालीन केदारेश्वर आहे, पडका किल्ला आहे, बाकी काळी जमीन. तरी आमच्या आजीच्या उतरंडीत सगळ्यात खालच्या मडक्यात समुद्र असायचा: सुकट, वाकट आणि बोंबील. बोंबील निखाऱ्यावर भाजायचा, लसूण-मिरचीबरोबर कुटायचा, की ज्वारीची भाकर दोन घास जास्त जायची. उसाच्या तोडीला जाणारी माणसंही गाठोड्यात तोच बांधून नेत. ‘ह्यो मुंबईकडचा,’ एवढंच आजी सांगे.

मुंबईकडचा म्हणजे कुठला, ते मला नोकरीनिमित्त विरारला आल्यावर कळलं. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून होडीनं बेटावर जाता येतं. पोर्तुगीजांकडून 1737 मध्ये मराठ्यांनी घेतलेला किल्ला तिथे आहे आणि त्याच्या तटाखाली कोळ्यांची वस्ती. तिथल्या एका म्हाताऱ्या नाखव्यानं मला डोल समजावली. समुद्राच्या तळात खुंट ठोकायचे, त्यांना प्रचंड तोंडाचं, शेपटाकडे निमुळतं होत गेलेलं जाळं बांधायचं आणि पाण्याच्या ओढीनं मासा आपोआप आत यायचा. उधाणाच्या दिवसांत काम, ओढ मंदावते त्या भांगाच्या दिवसांत जाळी विणायची. माशामागे धावणं नाहीच. बाया बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या वलांडीवर टांगायच्या. तिथून सुकून तो व्यापाऱ्यांच्या गोण्यांत, रेल्वेत आणि शेवटी आजीच्या मडक्यात.

शिडाच्या होड्या गेल्या, इंजिनं आली. इंजिनामागून कर्ज आणि डिझेल. 1974 मध्ये बॉम्बे हायला तेल सापडलं. तेलाच्या फलाटांभोवती जाळं टाकायला मनाई झाली. मग ट्रॉलर, मग पर्ससीनची घेरणारी जाळी. राज्याचा मासेमारी कायदा 1981 चा. पर्ससीनवर 2016 मध्ये निर्बंध आले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर 2017 मध्ये बंदी. नाखवा म्हणाला, ‘कागूद मुंबईला, समुद्र हितं.’

दोष मात्र तो फक्त परक्यांना देत नव्हता, म्हणून मला तो आवडला. डोलीचं शेपूट बारीक विणीचं. बोंबलाबरोबर पापलेटची नखाएवढी पिल्लंही त्यात येतात. ‘मासा कुठं गेला नाय. मोटा व्हायच्या आधीच आमी सगल्यांनी त्याला खाल्ला.’ पापलेटला 2023 मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला. बोंबलाला असा मान कोण देणार? तो गरिबाचा मासा.

नाखव्याचा एकही मुलगा बोटीवर नाही. दोघं विरारहून रोज लोकलनं कामाला जातात. बोटीवरचे खलाशी बाहेरगावचे, त्यांचा पगार आधी द्यावा लागतो, मासा मिळो न मिळो. पूर्वी रांगेनं उभ्या असलेल्या वलांड्यांपैकी काही मोडून त्याच्या शेजाऱ्यानं कोंबड्यांचं खुराडं केलंय. बांबू चांगला होता, वाया कशाला घालवायचा.

गेल्या दिवाळीत धर्मापुरीच्या बाजारात मी बोंबलाचा भाव विचारला. माल कुठला, तर व्यापारी म्हणाला, गुजरातचा, जाफराबादचा. तिथेही डोलच टाकतात. भाव मात्र त्यानं मुंबईचा सांगितला. मी पाव किलो घेतला.