वसईचे तह आणि वसईचे वेळापत्रक

वसईचे नाव निघाले की इतिहासप्रेमी मराठी वाचकाला चिमाजीअप्पांची मोहीम आठवते, गोमंतकीयाला पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी आठवते, आणि मुंबईच्या नोकरदाराला सकाळची तुडुंब गाडी आठवते. तिन्ही आठवणी एकाच भूमीच्या. परंतु त्या शेजारी शेजारी मांडून पाहण्याचा प्रघात नाही. इतिहासकार १८०२ पाशी थांबतो, नगररचनाकार १९९० पासून आरंभ करतो. मधला धागा हाती घेतल्यावाचून आजच्या वसईकराचे जिणे नीट उमगणार नाही.

या भूमीचे भाग्य वारंवार कागदावर ठरले आहे. पहिला मोठा कागद २३ डिसेंबर १५३४ चा. हुमायूनच्या भयाने गांजलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्याशी तह करून वसई व तिच्याखालील मुलूख पोर्तुगालच्या राजाला दिला. त्या मुलखात मुंबईची बेटेही होती. आज ज्या मुंबईकडे वसईकर रोज धाव घेतो, ती एके काळी वसईच्या हाताखाली नांदत होती, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पुढे १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला देऊ केली, आणि थोरली व धाकटी यांचे नाते हळूहळू उलटे झाले.

दुसरा कागद मे १७३९ चा. मराठ्यांनी प्राणांतिक झुंज देऊन किल्ला जिंकला. तरी शेवट झाला तो कलमवार तहाने, आणि पराभूत शिबंदीला शस्त्रांसह मानाने बाहेर पडू दिले गेले. तिसरा कागद ३१ डिसेंबर १८०२ चा. पुण्याजवळ यशवंतराव होळकरांकडून पराभव पावलेल्या दुसऱ्या बाजीरावाने वसईस येऊन इंग्रजांची तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चासाठी २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. गायकवाड व निजाम यांच्याशी असलेल्या आपल्या वादांत इंग्रजांची मध्यस्थीही त्याने मान्य केली. पुढल्याच वर्षी शिंद्यांना इंग्रजांशी युद्धास उभे राहावे लागले. तेव्हा इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे आणि हैदराबाद येथील वाचकांनाही वसई परकी नाही; त्यांच्या नगरांच्या भवितव्याची काही कलमे तेथेच लिहिली गेली.

या तिन्ही कागदांत एक साम्य आहे, आणि वकिलाच्या नजरेला ते प्रथम दिसते. वसई ही प्रत्येक वेळी तहाची वस्तू होती. पक्षकार ती कधीच नव्हती. सह्या करणारे आले आणि गेले. वाडीत राजेळी केळी लावणारा, ती वाळवून सुकेळी करणारा, पानवेल जोपासणारा, खाडीत जाळे टाकणारा मनुष्य मात्र जागच्या जागी राहिला. पोर्तुगीज गेले तरी येथील ख्रिस्ती समाज राहिला, आणि घरात आपली सामवेदी वा वाडवळी बोलीच बोलत राहिला. राज्य कोणाचे, हा प्रश्न त्याच्या विहिरीच्या रहाटापर्यंत क्वचितच पोहोचत असे.

त्याच्या उंबरठ्याच्या आत शिरला तो चौथा कागद. त्यावर राजमुद्रा नव्हती. १८६४ मध्ये गुजरातकडून येणारी लोहमार्गाची वाट मुंबईस भिडली, आणि १८६७ मध्ये विरार व मुंबई यांच्या दरम्यान रोजची एक जाणारी व एक येणारी गाडी सुरू झाली. सकाळी जावे आणि सायंकाळी परतावे, हा क्रम त्या एका गाडीने घालून दिला. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत आली. २००७ मध्ये बोरिवली ते विरार चार मार्ग झाले. गाड्या वाढल्या, क्रम तोच राहिला.

या वेळापत्रकाने वसईकराकडून जमीन मागितली नाही, वेळ मागितला. वसई रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे ५२ किलोमीटर. घरच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत जाऊन येऊन तीन तास धरले, आणि वर्षात ३०० दिवस कामाचे मानले, तर ९०० तास होतात. म्हणजे अहोरात्र मोजलेले सदतीस दिवस. पूर्वीचे राज्यकर्ते पिकाचा हिस्सा घेत, हा सारा आयुष्यातून कापला जातो. अर्थात तो निव्वळ तोटा नव्हे. याच गाडीच्या मालडब्यातून भाजी, फुले आणि मासळी मुंबईच्या बाजारात गेली. याच गाडीने शेतकऱ्याची मुले महाविद्यालयात नेली. डब्यात भजने रंगतात, परतताना उद्याची भाजी निवडली जाते, सुखदुःखाची देवघेव होते. शेजार घराशी उरला नाही, तो बाकावर येऊन बसला आहे.

परंतु दिवसभर गावात नसलेल्या माणसाच्या माघारी गावाचे काय होते? १९९० मध्ये सिडको या शासकीय महामंडळाकडे वसई-विरारचे विशेष नियोजन सोपवले गेले. त्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. हिरवे क्षेत्र, विहिरीचे गोडे पाणी, आणि बावखले, म्हणजे वाडीच्या सिंचनासाठी पूर्वजांनी खणलेली तळी, ही तिच्या चिंतेची बाब होती. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हा तीतून वगळावे म्हणून गावे झगडली आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. कोणता पक्ष बरोबर होता, हा येथे मुद्दा नाही. ज्यांना आजवर तहाची वस्तू मानले, ते येथे प्रथमच पक्षकार म्हणून उभे राहिले, हे इतिहासाने नोंदवण्यासारखे आहे.

२०११ च्या जनगणनेत या नगराची वस्ती बारा लाखांवर गेली. त्यांतील बहुसंख्यांना ती बावखले कोठे होती हे ठाऊकही नसेल. पण पाणी आपली जुनी जागा विसरत नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, गाड्या थांबल्या, आणि ज्याला गावाकडे पाहण्यास सवड नव्हती त्याला घरी बसून भोवतालचे पाणी पाहावे लागले.

कायद्यात निवास आणि अधिवास यांत भेद आहे. निवासास देहाची उपस्थिती पुरते. अधिवासास तेथेच कायम राहण्याचा निश्चय लागतो. पहाटे निघून रात्री परतणाऱ्या लक्षावधी लोकांचा वसईत निवास आहे, यात शंका नाही. त्यांचा अधिवास तेथे आहे की नाही, हे कोणत्याही दाखल्यावरून ठरणार नाही. सुटीच्या दिवशी ते ग्रामसभेत वा प्रभागाच्या सभेत जातात काय, आपल्या इमारतीखाली कोणाची वाडी होती हे मुलांना सांगतात काय, उरलेल्या एखाद्या बावखलात भराव पडू लागला तर हरकतीच्या अर्जावर सही करतात काय, यावरून ते ठरेल. वसईचा पुढला कागद केव्हा ना केव्हा लिहिला जाईलच. त्या वेळी सही करण्यास वसईकर गावात असला पाहिजे.