मधपेट्यांना थंडीपासून जपण्याचे स्वस्त उपाय

मध्य प्रदेशच्या दक्षिण सीमेवर, महाराष्ट्रातील गोंदिया व भंडारा जिल्ह्यांना लागून असलेला बालाघाट हा वैनगंगेच्या खोऱ्यातील भाताचा जिल्हा. येथील चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ईशान्येस बैहरकडे भूभाग उंचावतो, तशी थंडीही वाढते. कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या कुरणांवर डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे दव गोठलेले आढळते. अशा थंडीत लाकडी पेटीतील सातेरी जातीच्या मधमाश्यांची वसाहत तगवण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. भातकापणीनंतर उरलेला पेंढा, जुनी गोणपाटे आणि शेणमाती एवढे साहित्य पुरेसे असते.

ऊब कोठून येते?

मधमाश्या संपूर्ण पेटी तापवत नाहीत. त्या आपला घोळका उबदार राखतात. थंडी वाढली की कामकरी माश्या पोळ्यांवर एकमेकींना बिलगतात आणि पंख न हलवता उड्डाणाचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतात. अळ्या व कोष यांच्या वाढीसाठी पोळ्याच्या मध्यभागी सुमारे ३३ ते ३६ अंश सेल्सिअस तापमान लागते. या उष्णतेचे इंधन म्हणजे साठवलेला मध. पेटीतून जितकी ऊब निसटते, तितका अधिक मध खर्ची पडतो. साठा संपला की वसाहत उपासमारीने मरते किंवा पेटी सोडून निघून जाते.

काय करावे?

जागा : पेटी वाऱ्याच्या आडोशाला ठेवावी. सकाळचे ऊन मिळावे म्हणून तिचे तोंड पूर्वेस किंवा आग्नेयेस असावे.

फटी व प्रवेशद्वार : फटी बाहेरून शेणमातीने लिंपाव्यात. दार अरुंद करावे. मात्र पूर्ण बंद करू नये.

कोठी : माश्यांनी व्यापलेल्या चौकटी तेवढ्या ठेवून रिकाम्या काढाव्यात व शेजारी आडफळी लावावी. रिकामी मधकोठी उतरवावी.

आच्छादन : आतील झाकणावर कोरडा पेंढा भरलेली गोणपाटाची गादी ठेवावी आणि बाजूंना गोणपाट गुंडाळावे.

थंडीहून ओल घातक

माश्यांच्या श्वसनातून निघणारी वाफ थंड झाकणाला आतून साचते व थेंबाथेंबाने घोळक्यावर ठिबकते. भिजलेली माशी लवकर गारठते. त्यामुळे संपूर्ण पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळणे हिताचे नाही. वरची गादी ही ओल शोषून घेते; ती दमट झाल्यास बदलावी. आत साचलेले पाणी वाहून जावे म्हणून पेटी दाराच्या बाजूस किंचित कलती ठेवावी.

मध राखून ठेवावा

हिवाळ्याच्या तोंडावर सर्व मध काढून घेतल्यास कोणतेही आच्छादन उपयोगी पडत नाही. साठा अपुरा असल्यास दोन भाग साखर व एक भाग पाणी यांचा पाक सायंकाळी पेटीच्या आत ठेवावा. बाहेर सांडलेल्या पाकामुळे अन्य वसाहतींतील माश्या लुटीसाठी येतात. तपासणी करायची झाल्यास ती उन्हाच्या वेळी, थोडक्यात उरकावी.

गोव्यात थंडी सौम्य असल्याने पेंढ्याच्या गादीची गरज क्वचितच भासेल. मात्र येथील मुसळधार पावसाळ्यात फुलोरा आटतो आणि पेट्यांत ओल भरते. कोरडी पेटी, आटोपशीर कोठी आणि माश्यांसाठी राखलेला मध ही त्रिसूत्री त्या दिवसांतही तितकीच लागू पडते.