मंदी कुणाच्या अंगावर? सोलापूरच्या मागांचा धडा

मंडळी, व्यवस्थापनाच्या वर्गात नेतृत्वाचा विषय निघाला की सोलापूरकर पहिलं नाव घेणार शेठ वालचंद हिराचंद यांचं. 1882 साली या शहरात जन्मलेला माणूस जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत उतरला, ही मोठीच गोष्ट. पण आज आपण जरा वेगळा प्रश्न घेऊ. धंदा बसतो तेव्हा नुकसान कोण सोसतं? आमच्या मते नेतृत्वाची खरी परीक्षा तिथे होते.

आधी गिरणी बघू. 1860 साली सोलापूरला रेल्वे आली. 1877 मध्ये जुनी गिरणी सुरू झाली, तेव्हा दख्खनेत मोठा दुष्काळ होता. पोटासाठी शहरात येणाऱ्यांना तोटा नव्हता. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि शहर भोंग्यावर चालू लागलं. गिरणीत मजुरी कमी असेल, जाच असेल; पण फाटक एक, मालक एक, हजेरी एक. भांडायचं कुणाशी हे माहीत होतं. म्हणून तर 1920 चा आणि 1934 चा संप होऊ शकला.

आता पूर्व भागात या. गिरण्या आल्या आणि हातमाग मेले, असं आपण सहज म्हणतो. सोलापुरात तसं झालं नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे माग गिरण्यांच्या सावलीत वाढले. गिरणीचं सूत घ्यायचं आणि लुगडी विणायची, असा तो व्यवहार. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेसाठी रा. गो. काकडे यांनी सोलापूरच्या विणकर समाजांची पाहणी केली. ती 1947 मध्ये प्रसिद्ध झाली. धनंजयराव गाडगीळांचं सोलापूर शहरावरचं पुस्तक 1965 चं. अलीकडे, 2012 मध्ये, डग्लस हेन्स या अमेरिकन इतिहासकाराने पश्चिम भारतातल्या छोट्या शहरांच्या भांडवलशाहीवर लिहिताना हाच धागा उचलला.

यातून काय कळतं? विणकर म्हणजे एकच माणूस नव्हे. कुणी स्वतःच्या मागावर स्वतःचं सूत विणायचा, कुणी सावकाराचं, तर कुणी कारखानदाराच्या मागावर मजुरीने बसायचा. या शेवटच्याला कामावर येताना उचल मिळायची. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायची सोय नाही! बाजार पडला की कारखानदार सूत देणं कमी करायचा. माग थांबायचा, मजुरी थांबायची. उचल मात्र डोक्यावर तशीच. मालकाला गिरणी बंद करणं जड जातं, चार माग थांबवणं सोपं. छोटा कारखाना टिकला तो चिवटपणामुळे, हे खरंच आहे. पण मंदीचा भार कारागिराच्या घरावर ढकलता आला, हेही तितकंच खरं.

कायद्याचं गणितही बघा. 1948 च्या कारखाने कायद्याची रेघ मुळात सर्वसाधारणपणे अशी होती: वीज असेल तर दहा कामगार, नसेल तर वीस. म्हणजे हातमाग जाऊन यंत्रमाग आला, तरी शेडमध्ये दहापेक्षा कमी माणसं ठेवली की हा कायदा दाराबाहेर राहायचा.

आणि घरातल्या बायका? त्या कांड्या भरायच्या, पुढे विड्या वळू लागल्या. माग थांबला तरी चूल पेटती ठेवणारं काम ते. जमाखर्चाच्या वहीत मात्र ‘कारखान्याची तग धरण्याची शक्ती’ म्हणून त्याची नोंद कधी झाली नाही.

आज त्या गिरण्या राहिल्या नाहीत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. मानांकनाने चादरीचं नाव राखलं जातं. विणणाऱ्याची मजुरी राखायची तर वेगळी सोय लागते. गाडगीळ नुसते पाहणी करून थांबले नाहीत. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष तेच. नफ्याबरोबर जोखीमही वाटून घेता येते का, याचा तो प्रयोग होता. त्याचं पुढे काय झालं यावर वाद घालता येईल, घालावाही.

आमचं म्हणणं एवढंच आहे. उद्या एखाद्या यशस्वी उद्योजकाचा अभ्यास कराल तेव्हा त्याची चांगली वर्षं मोजाच, पण वाईट वर्षी त्याच्या कामगाराच्या घरात काय झालं, तेही विचारा. सोलापुरात हे विचारायला लांब जावं लागत नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.