शंभराखालचे वर्ग

अमेरिकेतल्या कॉलेजांत प्रत्येक विषयाला नंबर असतो. बऱ्याच ठिकाणी पदवीसाठी धरले जातात ते शंभर आणि त्यावरचे. त्याखालचे नंबर ज्यांचं गणित-इंग्रजी मागे राहिलंय त्यांच्यासाठी. फी भरायची, परीक्षा द्यायची, पण पदवीच्या हिशेबात शून्य. न्यू मेक्सिकोतल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी बरीच वर्षं हे शंभराखालचं गणित शिकवलं. अपूर्णांक, ऋण संख्या, एका चलाची समीकरणं. विभागाच्या बैठकीत या वर्गांचा विषय सगळ्यात शेवटी निघायचा, तोवर निम्मी मंडळी लॅपटॉप मिटून उठलेली असायची. माझ्या वर्गात नवाहो या मूळ अमेरिकन टोळीचे विद्यार्थी नेहमीच असत, आणि त्यांत नुसती पोरंटोरं नसत, चाळिशी ओलांडलेल्या आज्याही असत. त्यांचा पाया कच्चा आहे असं सर्रास बोललं जायचं. तो कच्चा ठेवला कुणी, हे कुणी विचारत नसे.

त्याचा कागदोपत्री पुरावा आहे. १८६४ साली अमेरिकन लष्कराने नवाहोंना घरादारांतून उठवलं आणि शेकडो मैल चालवत फोर्ट समनरला नेऊन डांबलं. चार वर्षांनी, १ जून १८६८ रोजी तह झाला आणि माणसं आपल्या मुलखात परतली. तहाचं सहावं कलम शाळेचं. सहा ते सोळा वयाची मुलं-मुली शाळेत पाठवू, अशी हमी नवाहोंनी द्यायची. बदल्यात दर तीस मुलांमागे एक इमारत आणि प्राथमिक इंग्रजी शिक्षण देऊ शकेल असा एक मास्तर सरकारने पुरवायचा, निदान दहा वर्षं. तिसांमागे एक मास्तर! हे प्रमाण ऐकून आमच्याकडचा कुठलाही हेडमास्तर खूश होईल.

कलम बरंचसं कागदावरच राहिलं. ज्या शाळा निघाल्या त्यांत बोर्डिंग शाळांचा भरणा. मुलांचे केस कापायचे, नवाहो बोललं की शिक्षा. तहावर सही करणाऱ्यांपैकी मानुएलितो या पुढाऱ्याने आपली मुलं पार पेनसिल्व्हेनियात, कार्लाईलच्या शाळेत पाठवली होती. तिथल्या आजारपणात त्याने ती गमावली. असं घडल्यावर बाकीच्यांनी पोरं लपवली तर नवल काय?

दुसऱ्या महायुद्धात मोठी गंमत झाली. शाळेत बोलायची बंदी असलेल्या भाषेतूनच नवाहो सैनिक पॅसिफिकमध्ये गुप्त संदेश पाठवत होते, आणि त्याच वेळी इंग्रजी लिहिता-वाचता येत नाही म्हणून कित्येक नवाहो तरुणांना भरतीतून परत धाडलं जात होतं. १९४६ मध्ये टोळीचे वृद्ध पुढारी ची डॉज आणि टोळीच्या कौन्सिलचं शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेलं. मागणी नवी नव्हतीच, १८६८ चा शब्द पाळा एवढीच होती. तोपर्यंत शाळेच्या वयाची निम्म्याहून जास्त मुलं शाळेबाहेर होती.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या शर्मन या सरकारी बोर्डिंग शाळेत जे सुरू झालं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात विलक्षण प्रकरण वाटतं. बारा ते अठरा वयाची, कधीच शाळेत न गेलेली नवाहो मुलं तिथे नेली आणि शक्य तितकं शालेय शिक्षण पाच वर्षांत बसवायचं ठरवलं. वर्गात एक इंग्रजी बोलणारे शिक्षक आणि जोडीला एक नवाहो शिक्षक. सुरुवातीला नव्या गोष्टी नवाहोतून समजावायच्या, मग हळूहळू इंग्रजीचं प्रमाण वाढवायचं. शेवटच्या वर्षांत सुतारकाम, वेल्डिंग, घरकाम असला एखादा धंदा. १९५० मध्ये युटातल्या ब्रिगहॅम सिटीत, जुन्या लष्करी इस्पितळाच्या इमारतींत, याच कामासाठी मोठी शाळा उघडली. मोठ्या वयाच्या मुलाला बाळबोध पुस्तक देऊन लाजवायचं नाही, ही जाण त्या कार्यक्रमात होती. माझ्या मते शिकवण्याची रीत उत्तम आणि हेतू तोकडा: पोरं शहरांत कामाला लागावीत, यापलीकडे कुणी पाहिलंच नाही.

पुढे टोळीचं खनिज तेलाचं उत्पन्न वाढलं, शिष्यवृत्त्या निघाल्या, मुलं बाहेरच्या विद्यापीठांत गेली आणि बरीचशी वर्षा-दोन वर्षांत परत आली. मग कौन्सिलने १९६८ मध्ये स्वतःच कॉलेज काढलं, नवाहो कम्युनिटी कॉलेज. देशात कुठल्याही टोळीने चालवलेलं हे पहिलं कॉलेज. जानेवारी १९६९ मध्ये ॲरिझोनातल्या मेनी फार्म्स इथे, सरकारी हायस्कूलच्या उसन्या इमारतीत वर्ग भरले. रॉबर्ट रोसेल पहिले अध्यक्ष. त्याच वर्षी नेड हताथली हे नवाहो गृहस्थ त्या खुर्चीवर आले. दार सगळ्यांना खुलं. त्यामुळे पहिल्या दिवसापासून पायाभूत इंग्रजी आणि अंकगणित हे कॉलेजचं एक मोठं काम झालं, आणि त्याच्या बरोबरीने नवाहो भाषा व इतिहास. नवाहो इतिहासाची पाठ्यपुस्तकं कुठून आणणार? म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून फोर्ट समनरच्या आठवणी उतरवून घेतल्या. रूथ रोसेल यांच्या देखरेखीखाली त्यांचं पुस्तक १९७३ मध्ये कॉलेजच्याच छापखान्याच्या नावाने निघालं. त्याच वर्षी कॉलेज त्सेलीला, डोंगरपायथ्याशी, स्वतःच्या जागेत गेलं. तिथल्या अष्टकोनी, सहा मजली काचेच्या इमारतीला हताथलींचं नाव आहे. ते १९७२ मध्येच वारले. १९९७ पासून कॉलेजचं नाव दिने कॉलेज; दिने हे नवाहोंचं स्वतःच्या भाषेतलं नाव.

तिथला अभ्यासक्रम हाती आला तेव्हा चार नवाहो शब्दांपाशी मी थांबले: नित्साहाकेस, नहात्आ, इइना, सिहासिन. विचार, आखणी, जगणं म्हणजे कृती, आणि मागे वळून खात्री करणं. प्रत्येकाची एकेक दिशा: पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, याच क्रमाने. जॉर्ज पोल्याचं गणितं सोडवण्यावरचं १९४५ चं पुस्तक आम्हा गणितवाल्यांना पाठ. त्याच्याही पायऱ्या चारच: गणित समजून घ्या, बेत करा, तडीस न्या, उलटून तपासा. पोल्या स्टॅनफर्डचा, म्हणून ती अभ्यासपद्धती. नवाहोंची मात्र संस्कृती, तिची रवानगी भिंतीवरच्या चित्रात. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त गुण जायचे ते चौथ्या पायरीवर. ऋण चिन्ह कुठे हरवलं ते पाहायला उलटं फिरायचं, हे सांगून सांगून माझा घसा बसायचा. ती पायरी ज्यांच्या घरात शिकवली जात होती, त्यांना आम्ही पाया शिकवत होतो.

पैशांचं गणितही वेगळंच. केंद्र सरकारची मदत शंभराखालच्या विषयांना जास्तीत जास्त तीस क्रेडिटपर्यंतच मिळते. ज्यांच्या आज्या-पणज्यांना मास्तर मिळालाच नाही, त्यांनाही मोजपट्टी तीच.

कॉलेज सुरू झाल्यापासूनच्या पन्नासहून जास्त वर्षांत घरातली भाषा फिरली. १९६९ ची मुलं इंग्रजीसाठी झगडत होती; आता कित्येक नातवंडांना नवाहो बोलताच येत नाही. म्हणून दिने कॉलेजात भाषेचे वर्ग दोन प्रकारचे: न बोलणाऱ्यांचे वेगळे, बोलणाऱ्यांचे वेगळे. बोलणाऱ्यांना लिहायचं शिकावं लागतं, कारण आज चालते ती लेखनपद्धत गेल्या शतकातली. रॉबर्ट यंग आणि विल्यम मॉर्गन यांचा तीत मोठा वाटा, त्यांचा शब्दकोश १९४३ चा. माझ्याकडे अपूर्णांकांत दोनदा अडकलेली एक बाई पुढे या बोलणाऱ्यांच्या वर्गाला बसली. उच्चारात तिला कोण काय शिकवणार! पण नाकातल्या स्वराखालची आकडी आणि चढ्या स्वरावरची तिरकी रेघ ती विसरते आणि तिथे तिचे गुण कापतात, असं फोनवर भलतीच वैतागून सांगत होती.