शिबिराजाचे नेत्र आणि ज्ञानतंतूंचे पोषण

सोयगाव तालुक्यातील अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात शिबिराजाच्या नेत्रदानाची कथा रंगविलेली आहे. हे लेणे पाचव्या शतकातील, वाकाटक नृपती हरिषेण याच्या काळचे. इंद्र आंधळ्या ब्राह्मणाच्या रूपाने याचक होऊन येतो, राजा आपले डोळे काढून देतो, आणि ते खोबणीत बसताच याचकास दिसू लागते, अशी ही कथा. तीतील दातृत्व आम्हांस वंद्यच आहे. परंतु रत्न जसे एका कोंदणातून काढून दुसऱ्यात बसवावे तसा डोळाही बसविता येतो, हे जे तीत गृहीत धरले आहे, त्याचा विचार करणे अवश्य आहे.

या कल्पनेचा एक अंश खरा ठरला. डिसेंबर १९०५ मध्ये ओलोमोत्स येथे एडुआर्ड त्सिर्म या वैद्याने एकाच्या डोळ्यावरील पारदर्शक पडदा दुसऱ्यास बसविला व त्यास दृष्टी आली. आज आपण नेत्रदान म्हणतो ते मुख्यतः याच पडद्याचे. सबंध डोळ्याची गोष्ट निराळी. नेत्रपटलातील पेशींपासून मेंदूकडे सुमारे दहा लाख तंतू जातात. ते तोडले असता पुन्हा जुळत तर नाहीतच. उलट त्या पेशीही हळूहळू मरतात. असे का व्हावे?

याचे उत्तर डोळ्याच्या अभ्यासातून प्रथम आले नाही. इटलीत १९३८ साली ज्यूविरोधी कायद्यांमुळे रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या विदुषीस विद्यापीठाचे दार बंद झाले. तिने घरच्या खोलीतच कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांवर प्रयोग चालविले. १९४७ साली ती व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्या निमंत्रणावरून अमेरिकेतील सेंट लुईस येथे गेली. तेथे १९५० नंतरच्या दशकात तिला व स्टॅन्ली कोहेन यांना ज्ञानतंतूंची वाढ घडविणारे एक प्रथिन सापडले. १९८६ चे नोबेल पारितोषिक त्या दोघांस मिळाले. या शोधाचा इत्यर्थ असा की, पेशी आपला तंतू जेथे पाठविते, तेथूनच तिला अल्प प्रमाणात पोषक द्रव्य परत मिळते. ते तंतूच्या वाटेने पेशीपर्यंत पोचते. ते न मिळाल्यास पेशीत उपजतच असलेली आत्मनाशाची क्रिया जागी होते.

१९८२ साली ईव्ह बार्ड व त्यांचे सहकारी यांनी डुकराच्या मेंदूतून असेच दुसरे द्रव्य वेगळे केले. त्याच्या योगाने उंदराच्या नेत्रपटलातील पेशी काचपात्रात तग धरतात, हे १९८६ साली दिसून आले. मात्र तंतू तोडलेल्या प्राण्यांच्या डोळ्यांत ते टोचले असता पेशींचा मृत्यू लांबतो, टळत नाही. २०२३ साली न्यूयॉर्क येथे एका रुग्णास सबंध डोळा बसविण्यात आला. त्यात रक्त खेळू लागले, पण दृष्टी आली नाही. मार्च २०२५ मध्ये नेत्रपटलाच्या एका दुर्मीळ रोगावर, पोषक प्रथिन पाझरविणाऱ्या पेशींची कुपी डोळ्यात बसविण्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. तिने ऱ्हास मंदावतो; गेलेले परत येत नाही.

या इतिहासाचा आमच्या घरांशी निकट संबंध आहे. काचबिंदूत मरतात त्या मेंदूकडे तंतू पाठविणाऱ्या याच पेशी. वाढलेल्या दाबाने तंतूंतील पोषणाची वाट अडते, हे त्याचे एक कारण मानले जाते. मोतीबिंदू काढला की दिसू लागते, म्हणून काचबिंदूचेही तसेच होईल अशा भरवशावर कित्येक मंडळी स्वस्थ बसतात. हा भरवसा घातक आहे. काचबिंदूत गेलेली दृष्टी आजच्या कोणत्याही उपायाने परत येत नाही. उरलेली मात्र वेळीच तपासणी व नियमित औषध यांनी बहुधा राखता येते. डोळा हे सुटे रत्न नव्हे. मेंदूशी चाललेल्या देवघेवीवरच तो जगतो, आणि ती देवघेव तुटण्यापूर्वी सावध होणे एवढेच आज आपल्या हाती आहे.