क्यू-शिराताकी रेल्वे स्थानक : आख्यायिका आणि इतिहास

जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावरील एक छोटे स्थानक जानेवारी २०१६ मध्ये जगभर चर्चेत आले. एका विद्यार्थिनीचे शिक्षण पूर्ण व्हावे म्हणून रेल्वे कंपनीने केवळ तिच्यासाठी स्थानक चालू ठेवले आहे, अशी ती कथा होती. भारतातही ती आवडीने वाचली गेली. कथेत नाव होते कामी-शिराताकी स्थानकाचे. प्रत्यक्षात ती विद्यार्थिनी शेजारच्या क्यू-शिराताकी येथून एन्गारू येथील शाळेत जात असे. ज्यांनी स्थानकाचे नावही तपासले नाही, त्यांनी कंपनीचा हेतू मात्र खात्रीने सांगितला!

'शिराताकी' म्हणजे शुभ्र धबधबा. कामी, शिमो व क्यू ही उपपदे अनुक्रमे वरचे, खालचे व जुने या अर्थांची आहेत. सेकिहोकू मार्गावर १९२९ मध्ये मारुसेप्पू ते शिराताकी हा टप्पा खुला झाला व शिमो-शिराताकी स्थानक अस्तित्वात आले. १९३२ मध्ये मार्ग पश्चिमेकडे आसाहिकावाला जोडला गेला, तेव्हा कामी-शिराताकी सुरू झाले. तत्पूर्वी प्रवाशांना नायोरोमार्गे मोठा वळसा घ्यावा लागे. क्यू-शिराताकी मात्र १९४७ मध्ये केवळ तात्पुरता थांबा म्हणून निर्माण झाले. एक लहान फलाट आणि लाकडी निवारा, एवढाच त्याचा पसारा. १ एप्रिल १९८७ रोजी राष्ट्रीय रेल्वेचे खाजगीकरण झाले, त्याच दिवशी या थांब्याला नियमित स्थानकाचा दर्जा मिळाला.

परंतु तोपर्यंत या डोंगराळ भागातील वस्ती विरळ होत चालली होती. ओकु-शिराताकी येथील प्रवासी सेवा २००१ मध्ये संपुष्टात आली. शिराताकी हे गाव २००५ मध्ये एन्गारूत विलीन झाले. अखेरच्या काळात कामी-शिराताकीला दिवसातून प्रत्येक दिशेला एकच गाडी थांबत असे.

२६ मार्च २०१६ रोजी क्यू-शिराताकी बंद झाले. विद्यार्थिनीचे शिक्षणही त्याच महिन्यात संपले, म्हणून कथा खरी वाटली. वस्तुतः जपानमधील शैक्षणिक वर्ष मार्चमध्येच संपते आणि रेल्वेच्या वेळापत्रकातील मोठी फेररचनाही बहुधा मार्चमध्येच होते. शिवाय त्या दिवशी हे एकच स्थानक बंद झाले नाही. कामी-शिराताकी, शिमो-शिराताकी व कानेहाना यांसह होक्काइदोतील एकूण ८ स्थानकांची प्रवासी सेवा थांबली, आणि त्याच दिवशी बेटावर शिन्कान्सेन ही अतिवेगवान गाडी सुरू झाली. यामागे एका मुलीविषयीचा जिव्हाळा नसून प्रवाशांअभावी स्थानके कमी करण्याचे धोरण होते, असे दिसून येते. नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीने स्वबळावर चालवणे कठीण असलेल्या मार्गांची यादी जाहीर केली. त्यांची एकत्रित लांबी १,२०० किलोमीटरहून अधिक, म्हणजे तिच्या जाळ्याच्या जवळपास निम्मी होती. सेकिहोकू मार्गही त्या यादीत होता.

कामी-शिराताकी गेल्यामुळे कामिकावा व शिराताकी यांमधील ३७.३ किलोमीटरांत प्रवाशांसाठी एकही थांबा उरला नाही. शिमो-शिराताकी मात्र एकेरी मार्गावर गाड्यांना परस्परांना ओलांडता यावे म्हणून सिग्नल स्थानकाच्या रूपात राखण्यात आले. तेथे गाडी थांबली तरी प्रवासी चढत-उतरत नाहीत.